तळमजल्याचा आवाज

जगात बेसूर असं काही नसतंच, असं छातीठोकपणे सांगणारी आणि ते रोज स्वतःच्या गळ्यानं सिद्ध करू पाहणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि तीही नेमकी आमच्या डोक्यावर राहत होती. २००२ साली आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे आमच्यासारखेच कॉम्प्युटरवाले देशी. वरच्या मजल्यावर मात्र ही नॉर्वेची बाई. ताडमाड उंच, बाराही महिने एकच निळा स्वेटर, आणि व्यवसायानं जॅझ गायिका. जॅझ म्हटलं तरी ऐकणारे जॅझवालेसुद्धा दचकायचे, कारण ती शब्द गायचीच नाही. ती गुरगुरायची, शीळ घालायची, श्वास आत घेताना सूर काढायची, ओठांनी पाण्याचे थेंब टपकवायची. आणि त्या सगळ्याला कंपोझिशन म्हणायची. पहिल्याच शनिवारी सकाळी वरून असा काही आवाज आला की बायको म्हणाली, "अरे, कोणीतरी पडलं वाटतं. नाइन-वन-वनला फोन कर!" मी धावत वर गेलो. तिनं शांतपणे दार उघडलं आणि विचारलं, "कसं वाटलं? शेवट अजून जमत नाहीये."

नॉर्वेच्या पार उत्तरेला, बोटीवर काम करणाऱ्या बापाच्या घरात, धुक्यातले भोंगे ऐकत ती वाढली होती. तिकडे रीतसर संगीत शिकून न्यूयॉर्कला आली, एका रेस्टॉरंटमध्ये जुनी प्रेमगीतं गायची नोकरी मिळाली, आणि तिसऱ्याच आठवड्यात एका हळव्या गाण्याच्या मध्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या मिक्सरशी जुगलबंदी सुरू केली. नोकरी गेली. "मिक्सर उत्तम होता," ती आम्हाला सांगायची, "मालकाला लय कळत नव्हती." मग एका रेकॉर्डवाल्यानं जरा गोड काहीतरी गा म्हणून सुचवलं, तर "गोड जेवणानंतर" एवढंच बोलून ती उठून आली. हे ती तक्रार म्हणून सांगायची नाही. लोकांना अजून कळायचंय, इतकंच. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोन शिट्ट्यांपेक्षा किंचित उतरते, हेही आम्हाला तिनंच सांगितलं. आणि खरंच उतरायची.

२००५च्या वसंतात तिच्या स्वरतंतूंवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरनं सहा आठवडे एक शब्दही उच्चारायचा नाही असं बजावलं. शिवाय वरचे सूर परत येतील याची खात्री नाही, हेही सांगून टाकलं. ठरलेले कार्यक्रम तिनं ई-मेल करून कॅन्सल केले. तिला सोबत कोण देणार? गप्प माणसाशी बोलायला लोकांना कसंसंच होतं. पण त्याच सुमारास आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती, आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर भिंतींकडे बघत बसायची. तिला इंग्लिश येत नव्हतं. तिचं बोलणं बंद झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन बघतो तर डायनिंग टेबलाशी आमची नॉर्वेजियन चहा पितेय, आणि आई तिला माझ्या मावशीच्या घराची वाटणी कशी झाली ते समजावतेय.

"आई, तिला काय कळतंय?"

"न कळायला काय झालं? तुमच्यासारखी मधे मधे बोलत तर नाही!"

सहा आठवडे हे चाललं. आई बोलायची, ती मान डोलवायची, योग्य जागी भुवया वर करायची. एकदाच, आईचं लक्ष नसताना, तिनं वहीत लिहून मला दाखवलं: "आवाज नाही आला तर मी कोण?" तिनं ते पान फाडलं आणि आईकडे वळून पुन्हा मान डोलवायला लागली.

डॉक्टरनं परवानगी दिली त्या दिवशी ती थेट आमच्याकडे आली. घसा साफ केला. आणि तिच्या तोंडून, खर्जातल्या, खरखरीत, अगदी अनोळखी आवाजात पहिले शब्द आले, "काय सांगू बाप्पा!" सूर थेट नागपूरचा. आईनं हसता हसता पदरानं डोळे पुसले.

वरचे सूर गेले ते गेलेच. आठवडाभर वरून काहीच ऐकू आलं नाही. बायको डबा घेऊन वर जायची आणि तसाच घेऊन परत यायची. मग एका सकाळी ती स्वतःच दारात उभी. "वरचे मजले पाडलेत," ती म्हणाली, "पण तळमजला केवढा मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं." त्याच वर्षी शरदात, आई परत जायच्या आधी, मॅनहॅटनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये तिनं नवी रचना गायली. त्यात एकही शब्द नव्हता. होते ते आईचे हेलकावे, तिचं रागावणं, सुस्कारे, अर्ध्यावर सोडलेली वाक्यं. काही लोक उठून गेले. आई मात्र सरसावून बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ऐक, आता मावशीची वाटणी आली!" संपल्यावर उरलेले लोक उभे राहिले, आणि बराच वेळ बसले नाहीत.

त्यानंतर तिला बोलावणी येऊ लागली. आधी अमेरिकेतून, मग युरोपातून. ज्या आवाजाला कोणी उभं करत नव्हतं त्याच्यासाठी लोक रचना मागू लागले. याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. "उशीर केला त्यांनी," एवढंच म्हणाली. २००८मध्ये नॉर्वेत एका मोठ्या समूहगायनाचं काम मिळालं आणि ती कायमची परत निघाली. जाण्यापूर्वी तिनं आमच्या फोनवरून नागपूरला आईशी वीस मिनिटं गप्पा मारल्या; आई मराठीत, ही नॉर्वेजियनमध्ये. दुभाषा म्हणून मी शेजारी उभा होतो, पण मला कोणी काही विचारलं नाही.

बॅगा मीच खाली नेल्या. टॅक्सी निघाली तशी ती मागं वळून हात हलवत काहीतरी म्हणाली. काच वर होती. नीट ऐकू आलं नाही, पण मीही मान डोलवली, ती आईसमोर डोलवायची तशी.