खडूची फुली

ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे कात्री. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं. फॅशन मासिकाची संपादक म्हणजे सोफ्यावर रेलून कॉफी पिणारी बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिला एकदा बघायला हवं होतं. खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कपड्यांचा ढीग. ही आपली भिंतीसमोर उभी. भिंतीवर येत्या अंकाची पानं ओळीने टाचलेली. एक काढ, दुसरं लाव, तिसऱ्याकडे बघून नाक मुरड, असं दिवसभर चालायचं.

नजर आईकडून आलेली. आई कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर. "आधी पाठ बघ," ती लेकीला सांगायची, "पुढून काय, सगळेच नटलेले असतात." एवढ्या भांडवलावर पोरगी मासिकात चिकटली, फोटोंखालच्या दोन ओळी लिहायला. एका शूटिंगला तिने सगळ्यांदेखत सांगितलं की या भारी गाऊनची झालर उलटी जोडली आहे. दोन दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी गाऊन शिवणाऱ्यानेच चूक कबूल केली, आणि तिथून तिची गाडी सुटली ती थेट संपादकाच्या खोलीपर्यंत.

पण मालकांना न घाबरणारी ही बाई आईच्या खडूला घाबरायची. दर महिन्याची पहिली प्रत आईकडे जायची आणि खडूच्या फुल्या घेऊन परत यायची. गुळगुळीत कागदावर शिंप्याचा खडू उमटायला तयार नसे. आई दाबून दाबून उमटवायची. इथे खांदा उतरलाय, इथे चिमटे लावून कंबर आवळलीय. कौतुकाची खूण आईला बहुतेक कुणी शिकवलीच नव्हती.

संपादक झाली तेव्हा आईने तिला गडद निळा कोट शिवून दिला. माप न घेता, नुसत्या अंदाजाने, आणि बसला अगदी चोख. लेक "छान आहे" म्हणाली आणि तिने तो कपाटात टांगला. तिच्या वर्तुळात लोक आधी मानेमागचं लेबल बघत, आणि या कोटाला लेबल नव्हतं. तिला लाज वाटली. मग लाज वाटली याचीही लाज वाटली, आणि ती दुसरी लाज बारा वर्षं टिकली.

"कोट घालतेस ना गं?" आई अधूनमधून विचारायची.

"हो तर!"

यंदा मालकांनी सांगितलं की मासिक आता फक्त फोनवर दिसेल, छापणं बंद. छापील शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ तिच्या मर्जीवर सोडलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. कपाटातून कोट काढला, मॉडेलला घातला, आणि आईला अवाक्षर कळू दिलं नाही. बारा वर्षांची चूक अशी एका पानात फिटेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

छापायला जायच्या सकाळी भिंतीसमोर तिचा जीव नुसता वरखाली होत होता. मॉडेलचं तोंड पानाबाहेरच्या बाजूला वळलेलं होतं आणि डावीकडे शीर्षकाला जागा उरत नव्हती.

"फोटो उलटव," ती पानं लावणाऱ्याला म्हणाली.

"मॅडम, बटणं..."

"उलटव म्हटलं ना! वेळ नाहीये."

बटणांचा कपडा कधी उलटवायचा नाही, हा नियम तिचाच. त्यापायी तिने कितीजणांना रडवलं होतं. बायकांच्या कोटाची बटणं डाव्या अंगाला, पुरुषांच्या उजव्या. फोटो उलटला की कोटाची जातच बदलते. हे तिच्या ध्यानात आलं ते छापून आलेली प्रत हातात घेतल्यावर. अंक दुकानांत पोचलेही होते.

प्रत घेऊन ती स्वतःच आईकडे गेली. आईने चष्मा चढवला, खडू उचलला आणि लेक काही बोलायच्या आत कोटावर ठसठशीत फुली मारली.

"बाईला पुरुषाचा कोट? तुझं लक्ष कुठे होतं?"

"आई, तो तुझा आहे. मी फोटो उलटवला गं. माझ्याच हाताने."

आई उठून गिऱ्हाइकांच्या आरशासमोर गेली आणि मुखपृष्ठ आरशाकडे करून धरलं. मासिकाचं नाव उलटं झालं आणि कोट सुलटा. आई बघत राहिली. लेक दारापासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिली.

"दुसरं काज जरा खाली गेलंय," आई शेवटी म्हणाली. "तेव्हाच सांगायचंस की."

"मी तो कधी घातलाच नाही, आई."

"ते दिसतंय मला. कोपराला एक सुरकुती नाही." आईने अंक खाली ठेवला. "उद्या घेऊन ये, काज नीट करून देते. आणि आता बस बघू एका जागी."

ती बसली.