सात पाहुणे आणि बारा साड्या

बापूराव माझे शेजारी. त्यांच्या मते मात्र मी शेजारी नाही, प्रतिवादी आहे. रोहणा गावात आमची घरं लागून आहेत. दोघांच्या मधे चार बोटं जागा आहे, आणि ती कोणाची यावर गेल्या अकरा वर्षांत आमचं एकमत झालेलं नाही. बापूरावांनी तिथं एक दगड गाडून ठेवला आहे. तो माझ्या बाजूला सरकलेला आहे, हे मी आजही शपथेवर सांगेन.

या माणसाने चौतीस वर्षं मोजणी खात्यात शिपाईगिरी केली. साहेब छत्रीखाली उभे राहायचे आणि बापूराव साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून जायचे. साखळी जाऊन टेप आली, टेप जाऊन मशीन आली, पण काट्यात बापूरावच राहिले. भावाभावांची, जावाजावांची, सरपंचाची आणि देवळाची इतकी भांडणं त्यांनी पाहिली की त्यांचा एक सिद्धांत पक्का झाला. हद्द कायम केली की भांडण संपतं. निवृत्तीनंतर हा सिद्धांत त्यांनी घरात चालवून पाहिला. तेव्हा त्यांच्या बायकोने, धुरपतावहिनींनी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बोट ठेवून सांगितलं, "ही माही हद्द. पाय टाकला तं तंगडी मोडीन." ती हद्द मात्र कायम झाली.

त्यांच्या मागच्या वाडीत एक तळं आहे. तळं म्हणजे रस्त्याच्या ठेकेदाराने मुरूम काढून नेल्यावर उरलेला खड्डा. पावसाचं पाणी साठलं, ते आटेना. मग बापूरावांनी त्यात राहू आणि कटला माशांची पिल्लं सोडली आणि वहिनींनी कमळाचे कंद लावले. पुस्तकात त्याला कुमुद म्हणतात. रोहण्यात पाण्यात फुलतं ते कमळ. मासे बापूरावांचे आणि कमळं वहिनींची, अशी रीतसर वाटणी झाली.

गेल्या माघ पौर्णिमेला गावच्या विहारात भन्तेजी येणार होते. वहिनींनी महिनाभर आधी सगळ्या बायांसमोर जाहीर केलं, की यंदा फुलं आर्वीहून आणायची नाहीत, एकवीस कमळं माझ्या तळ्यातली येतील. त्यातच नागपूरच्या लेकीचं, उज्ज्वलाचं बाळंतपण निघालं. पिशवी खांद्याला लावून वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एकच काम सांगून राह्यली. कमळं राखा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतो मी. एकवीस म्हंजे एकवीस."

बापूराव रोज सकाळी काठावर बसून कळ्या मोजायचे. सव्वीस होत्या. पाच शिल्लक, असं ते मला कुंपणावरून ओरडून सांगायचे. त्या माणसाला बायकोची किती धास्ती आणि किती माया आहे, हे मला त्या मोजण्यावरून कळलं.

पौर्णिमेला आठवडा उरला आणि सात पाखरं आली. बदकापेक्षा चांगली मोठी, अंगाने करडी, पांढऱ्या डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. आधी माझ्या हरभऱ्यात उतरली. तिथं पोटभर नाश्ता झाल्यावर ओळ करून, एकामागे एक, चालत बापूरावांच्या तळ्यावर गेली. कमळाचं पान चोचीत धरायचं, मान मागे ओढायची, पान पोटात आणि देठ पाण्यावर. मूळ सैल असलं तर कंदासकट वर. जाताना काठावर जी शिदोरी सोडून गेली, ती बापूरावांनी दोन घमेली भरून काढली.

आमच्या गावात विज्ञानाचे मास्तर आहेत, धनंजय. ते धावत आले. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"पट्टकदंब!" ते म्हणाले. "हिमालयावरून उडत येतात हे. तिकडं तिबेट-मंगोलियात सारं गोठलं असते ना."

"मंग वाटेत एवढा मुलूख लागते," बापूराव म्हणाले. "माह्या बायकोचेच कमळं काऊन?"

 दगड मारायचा नाही, जाळं लावायचं नाही, कायदा आहे, एवढं सांगून मास्तर फोटो काढत बसले. बापूरावांनी थाळी वाजवली. शिट्टी मारली. पाखरांनी माना वर करून ऐकून घेतलं आणि पुन्हा जेवायला बसली. तीन दिवसांत कळ्या सव्वीसच्या एकवीस झाल्या. शिल्लक संपली, आणि बापूरावांची झोपही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर हे वाडीत बांबू रोवताहेत. आमच्याकडे रानडुकरांना अडवायला शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. साडी वाऱ्याने फडफडते आणि डुक्कर बिचकतं. बापूरावांनी वहिनींची पेटी उघडली होती आणि तळ्याभोवती बारा साड्या ताणून बांधल्या होत्या. वाडीत लग्नमांडव घातल्यासारखं दिसत होतं.

"बापूराव, त्यांले पंख हायेत," मी म्हणालो.

"हायेत. पण येतात चालत," ते गाठ आवळत म्हणाले. "पंख असून चालत येते, म्हंजे कायदा पाळणारी जात हाय. हद्द दाखवली का थांबते."

 आणि नवल म्हणजे पुढचे दोन दिवस पाखरं खरंच थांबली. साड्यांपाशी येत, कुजबुजत आणि परत माझ्या हरभऱ्यात जात. बापूरावांनी माझ्याकडे कुंपणावरून असं पाहिलं की मला त्या चार बोटांचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ते साडेसहाच्या बसने आर्वीला गेले. वहिनींची बस अकराला यायची होती. पण या बाईला घ्यायला जाताना चार तास आधी पोचलेलं बरं, असं त्यांचं मत आहे. ते गेले आणि सातच्या सुमाराला सातही पाखरं आभाळातून सरळ तळ्यात उतरली. मी फोन लावला.

"बापूराव, पाहुणे आत हायेत."

"कायच्या आत?"

"साड्यांच्या. वरून आले."

 "मंग वरूनच जातीन ना."

"जमून नाई राह्यलं. उडाच्या आधी धावाले जागा पायजे त्यांले. चार पावलं धावते, साडी फडफडली का भिऊन मागं येते."

"हिमालय पार करते अन् धुरपताची साडी पार होत नाई?"

"एक साडी सोडू का?"

"हात लावजो नको!" ते ओरडले. "हद्द मी लावली, मीच उठवीन. पंचनामा झाल्याबिगर काईच हलवाचं नाई."

दुसरा कोणी असता तर त्याने गुपचूप एक गाठ सोडली असती. मी चहा घेतला आणि कुंपणापाशी खाट टाकून बसलो. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच या माणसाचा हुकूम मी अक्षरशः पाळत होतो. सात भुकेली तोंडं, एक तळं आणि बाहेर जायला वाट नाही. ती बिचारी दुसरं काय करणार होती?

दोन वाजता जोडपं आलं. बापूरावांच्या हातात पंचनाम्याची वही होती. वहिनींना मात्र आधी पाखरं दिसलीच नाहीत, साड्या दिसल्या.

"ही माह्या बहिणीच्या लग्नातली," त्या एकेक साडी पाहत चालू लागल्या. "ही उज्ज्वलाच्या बारशाची. ही तुमच्या आईनं देल्लेली." बाराव्या साडीपाशी त्या थांबल्या. ती पांढरी होती. "अन् ही?"

"ते जुनी होती," बापूराव म्हणाले. "रंग उडाला तिचा."

"रंग होताच कवा तिले! विहाराची हाय ते! उद्या नेसाची होती मले!"

बापूरावांच्या हातातली वही खाली पडली. वहिनींनी पिशवी टाकली, सरळ गेल्या आणि त्या साडीची गाठ सोडली. वाट मोकळी झाल्याबरोबर सातही पाखरं ओळ करून, जराही घाई न करता, आमच्यासमोरून चालत बाहेर आली. माझ्या हरभऱ्यात धावली आणि उडाली.

तळ्याचं पिठलं झालं होतं. पाण्यावर देठ तरंगत होते, चोखून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे. कंद उपटून उलटे पडले होते आणि गढूळ पाण्यात राहू वर येऊन तोंडं उघडीत होते. एकही पान दिसत नव्हतं. बापूराव काठावर बसले.

"मी राखत होतो वं," ते म्हणाले. "रोज मोजत होतो. एकेक." मी कुंपणापाशी टाकलेली खाट उचलून भिंतीला उभी केली.

 पांढऱ्या साडीचा लोंबता पदर आधीच सुटून एका कोपऱ्यात पाण्यात पडला होता. तो वहिनींनी ओढला. त्याच्याखाली पानं होती, आणि पानांत पाच कळ्या. पदर पाण्यावर हलत राहिला म्हणून पाखरं त्या कोपऱ्याला गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत आणि एकट्या धुरपतावहिनी हिरव्यागार. मीही गेलो होतो, खिरीसाठी. वहिनींनी पाच कमळं बुद्धमूर्तीपुढे ठेवली. मागून बायांतल्या सुलोचनाबाईंनी विचारलंच, "एकवीस म्हणलं होतं ना, धुरपताबाई?"

बापूराव स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. वहिनींनी आदल्या संध्याकाळी त्यांची जी हजेरी घेतली होती, ती मी भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकली होती. 

"पाहुण्यांनी सोळा खाल्ले," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "हिमालयावरून आलते, उपाशी. घरी मी नव्हती. यायनंच सारा पाहुणचार केला."

"अन् पांढरी साडी?"

"पाहुण्यांले आडोसा नाई लागत का?"

बापूरावांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ खाली केली नाही.

घरी येताना मला राहवलं नाही. म्हणालो, "बापूराव, मी गाठ सोडू शकत होतो काल."

"माहीत हाय," ते म्हणाले. "फोनवर तुह्या आवाजात खुशी होती."

 दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोन घरांच्या मधून पहारीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर बापूराव तो अकरा वर्षांचा दगड उपटत होते.

"तळ्यात लावतो," ते म्हणाले. "अर्धं धुरपताचं, अर्धं पाहुण्यांचं. हे घे, टेपचं टोक धर."

जन्मभर टोक धरणारा माणूस काठावर उभा राहिला आणि मी टोक धरून कमरेइतक्या चिखलात उतरलो. ते वरून "डावीकडं, आणखी डावीकडं" करत होते, आणि त्या सुखात त्यांनी मला नको तितकं फिरवलं.

दगड बसला. दोन दिवसांनी सात पाखरं परत आली. त्यातलं एक दगडावर चढलं, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि वहिनींच्या बाजूला उतरलं. बापूरावांनी शिट्टी तोंडात घातली.

"राहू द्या," वहिनी पांढरी साडी वाळत घालत म्हणाल्या. "कंद हायेत खाली. येतीन पुन्हा."

मी कुंपणापाशी उभा होतो. भीत भीत विचारलं, "बापूराव, अन् आपले ते चार बोटं? आता कसं मोजाचं?"

"कुठून मोजतं?" ते म्हणाले. "दगड तं पाहुण्यांले देल्ला."