उस्तादजींचा परवाना

ती फाईल बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली, पण ते प्रकरण काही माझ्या डोक्यातून जात नाही.

वडील रेल्वेत. त्यांच्या बदलीपायी आम्ही भुसावळहून जयपूरला आलो आणि पुढे मी इथल्याच पोलीस खात्यात लागलो. ऐंशीच्या दशकात माझी नेमणूक परदेशी नागरिकांच्या नोंदणी शाखेत झाली. मित्र चेष्टा करत, "इन्स्पेक्टरचा कारकून झाला!" फारसं खोटं नव्हतं ते. दिवसभर अर्ज, फोटो आणि शिक्के.

त्याच सुमारास परदेशी तज्ज्ञांच्या राहण्याच्या परवान्याचे नियम बदलले. आधी कारखान्याचं एक पत्र आलं की वर्षभराची मुदतवाढ मिळे. आता पत्रात 'हे काम करू शकणारा भारतीय आमच्याकडे नाही' असं लिहून द्यावं लागे, आणि ते खरं की खोटं याची चौकशी पोलिसांनी करायची. असा भारतीय निघालाच, तर त्या तज्ज्ञाने पंधरा दिवसांत देश सोडायचा.

नियम येऊन महिना झाला नाही तोच एक निनावी पत्र आलं. जयपूरच्याच झोटवाडा भागातल्या एका कारखान्यात तांब्याची बारीक तार ओढण्याचं परदेशी यंत्र होतं. ते चालवायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरचं काम आता तिथला फोरमनच करतो, कारखान्याचं पत्र खोटं आहे, असा मजकूर. निनावी पत्र लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट असतो, पण माहिती बहुधा खरी असते.

आधी हेडकॉन्स्टेबलला घेऊन इंजिनिअरच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. आठवा महिना असावा. पाय सुजलेले, भिंतीचा आधार घेऊन उभी. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे, हे तिने खुणांनी आणि चार हिंदी शब्दांनी सांगितलं. जीपमध्ये बसताना हेडकॉन्स्टेबल म्हणाला, "साब, पंद्रह दिन में ये कहाँ जाएगी?" मी जीप कारखान्याकडे घ्यायला सांगितली.

कारखान्यात मी सहा कामगारांना एकेक करून मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांचं उत्तर एकच, शब्दसुद्धा तेच: "मशीन तो उस्तादजी ही जाणें, साब." उस्तादजी म्हणजे तो गोरा इंजिनिअर. सहा माणसं एकाच शब्दांत बोलली की समजावं, तालीम झालेली आहे.

शेवटी फोरमन आला. बस्सी गावाहून रोज बसने येणारा, पन्नाशीचा, डोक्याला साफा. हात जोडून म्हणाला, "मैं तो अनपढ़ आदमी, साब. तेल देता हूँ, बस." मी आवाज चढवला. खोट्या जबानीबद्दल आत टाकीन म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला. मुरलेल्या चोरानेही असा तग धरला नसता.

तेवढ्यात बाहेर यंत्राचा आवाज किंचित बदलला. मला तर तो नंतर सांगितल्यावर कळला. फोरमनने मात्र झटकन मान वर केली. "तार टूटेगी!" म्हणत तो माझी परवानगी न घेताच धावला. मी मागोमाग. त्याने यंत्र हळू केलं, डोळे मिटून तार बोटांनी चाचपली, दोन चाव्या फिरवल्या आणि वेग पुन्हा वाढवला. मिनिटभराचं काम. मग त्याला माझी आठवण झाली. तेलाने माखलेले हात तसेच धरून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

इंजिनिअर तिथेच होता. मी त्याला विचारलं, "हा माणूस हे काम करू शकतो?"

त्याने नाही म्हटलं असतं तर माझ्या एकट्याच्या साक्षीवर फाईल लोंबकळत राहिली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला. "करता है. मुझसे अच्छा करता है."

"क्या बोल दिया, उस्तादजी!" फोरमन कळवळून म्हणाला.

मी अहवालात खरं तेच लिहिलं. मुदतवाढ नामंजूर करावी, हेही लिहिलं. पण त्याच संध्याकाळी इंजिनिअरला समोर बसवून बायकोच्या बाळंतपणाच्या कारणावर वेगळा अर्ज लिहून घेतला, डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आणि वरिष्ठांच्या टेबलापुढे सही होईपर्यंत हललो नाही. तीन महिने मिळाले. मुलगी जयपुरातच जन्मली. तिचीही नोंद माझ्याच रजिस्टरात झाली.

जाण्याआधी परवाना आमच्याकडे जमा करावा लागे. तिघं आले, सोबत फोरमन. बाळ त्याच्याच हातांत, आणि हात इतके घासून धुतलेले की बोटं लाल झाली होती. मी परवान्यावर रद्दचा शिक्का मारला.

नोकरीत मी खोटं बोलणारे खूप पाहिले. स्वतःला वाचवण्यासाठी बोलतात, पैशासाठी बोलतात. आपल्याला काहीच येत नाही, असं दुसऱ्यासाठी खोटं बोलणारा कारागीर मी तो एकच पाहिला. तेव्हापासून खोटं पकडलं, की ते कोणासाठी बोललं गेलं हे विचारल्याशिवाय मी कुणावर हात उगारला नाही.

ते निघाले तेव्हा फोरमन दारातून एकटाच परत आला. "साब," तो म्हणाला, "मैं थोड़ा कच्चा सीखता, तो वो रुक जाते ना?"

मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.