आधी तिचा पाय

चांदा जिल्ह्यात मास्तर होतो तेव्हा नागभीड स्टेशनावरून मला गावी नेणारा गाडीवान प्रत्येक वाक्य ‘नाई का माय?’ म्हणून संपवी. विचारी ते गाडीमागून लंगडत येणाऱ्या आपल्या कुत्रीला. मोहफुलं वेचताना त्याच्या पोरीवर बिबट्या झेपावला, तेव्हा या कुत्रीनं मध्ये पडून पाय फाडून घेतला होता.

पोरीच्या लग्नात त्यानं कुत्रीलाही हळद लावली. नवरदेवाच्या मामानं तिला लाथ घालून मांडवाबाहेर काढलं. आम्ही सगळे मुकाट बसलो. आठवलं की अजून डोकं तापतं, मामावर आणि स्वतःवरही.

मामाचे पाय धुवायला भरलेला तांब्या गाडीवानानं उचलला, बाहेर जाऊन कुत्रीचा लंगडा पाय धुतला आणि आत येऊन म्हणाला, ‘‘इच्यानं नवरी जित्ती हाये, भाऊ. तुमचे पाय मंग धुतो.’’

या वेळी ‘नाई का’ नव्हतं.