एका ‘चे’ची चूक

शाळेच्या फॉर्मवर चार रकाने होते: फोटो, नाव, आधार क्रमांक आणि मुलीशी नातं. पहिले तीन मी पटापट भरले. चौथ्यात ‘मामा’ लिहिलं आणि तिथेच फसलो.

माझं हर्नियाचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. पुढचा आठवडाभर सहा वर्षांच्या मुलीला शाळेतून आणायला मी जाऊ शकणार नव्हतो, आणि ने-आण कार्डावर फोटो असल्याशिवाय शाळा पोर कुणाच्या हाती देत नाही. कार्डावर मी एकटा. तिची आई दुसरं लग्न करून परदेशात गेली, तिथल्या घरात पोरीला जागा नव्हती. घरात आम्ही तिघं: मी, मुलगी आणि माझा जोडीदार. फॉर्म त्याच्यासाठीच होता. गेली चार वर्षं तिची वेणी तोच घालतो. ती त्याला मामा म्हणते. तो शब्द आम्हीच तिला शिकवला. काका म्हटलं असतं तर सोसायटीने माझा हा भाऊ कुठून उगवला ते शोधलं असतं. मामा म्हटलं की बायकोकडचा कुणीतरी, असं समजून माणसं गप्प बसतात.

ऑफिसातल्या बाई गप्प बसल्या नाहीत. “मामा ना? मग यांचं आडनाव आईच्या माहेरचं का नाही?”

“लांबचा मामा आहे.”

“मग आईचं पत्र आणा. आम्हाला मामा बनवू नका हं, साहेब.”

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. ‘अंकल’ लिहून भागणारी शाळा असती तर निभावलं असतं. मराठी बाईपुढे नातं लपवणं कठीण.

माझी आई घाटकोपरला राहते. आमच्या अंधेरीच्या घरापासून मेट्रोने वीस मिनिटं. मुलगे आवडतात हे मी तिला लग्नाआधी सांगितलं होतं. “लगीन झाला काय सगळा सरळ जाता,” असं म्हणून तिनेच मुलगी पाहिली, तिनेच तारीख काढली. आता मी कार्डासाठी फोटो मागितला, तर म्हणाली, “माझा नाव खयच घालू नको. उद्या शाळेवाले इचारतले, बापावांगडा घरात तो कोण रवता? मी काय सांगू?” मी म्हटलं, फक्त पोरीला आणायचंय. तिने फोन ठेवला.

वर्गातल्या एका मुलीच्या आईला विचारलं. ‘आमच्या यांना आवडणार नाही,’ असा मेसेज आला, खाली हात जोडलेले.

आपल्यासारख्यांचे गट असतात म्हणे. अशा एका गटात मी पूर्वी गेलो होतो. सगळे पंचविशीतले. मला लग्नातून झालेली मुलगी आहे म्हटल्यावर त्यातला एक म्हणाला, “म्हणजे तू एका बाईला फसवलंस ना?” ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पुन्हा गेलो नाही. पण या वेळी कुणीतरी मेसेज पाठवला: रविवारी चार वाजता, अंधेरीत, ‘समलिंगी पालक’ गटाची भेट. मी तो तीनदा वाचला. माझ्यासारखे बाप. एखाद्याला तरी कार्डाचं गणित माहीत असेल.

हॉलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सगळे साठी ओलांडलेले. शेजारच्या काकांनी बिस्किटं पुढे केली. “तुमचं कोण? मुलगा की मुलगी?”

“मुलगी.”

“केवढी?”

“सहा वर्षांची.”

काकांनी बिस्किटं खाली ठेवली. “एवढ्यात कळलं?”

तेव्हा भिंतीवरचा फलक नीट वाचला. ‘समलिंगींचे पालक.’ मेसेज तीनदा वाचूनही मी एक ‘चे’ खाल्ला होता.

“तिचं काही नाही हो,” मी म्हणालो. “गे मी आहे.”

“मग तुमचे आईवडील कुठेत?”

“वडील नाहीत. आई घाटकोपरला.”

मग माझा तोल सुटला. कार्ड, मामा, आईचा फोन, सगळं ओकलो. तुम्ही इथे चहा पिता, पण जिने यायला हवं ती येत नाही, असंही बोललो. सगळे मान डोलवत होते. आईला वेळ द्या, एक बाई मायेने म्हणाल्या, आम्हालाही पाच वर्षं लागली. माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ होता.

जिन्यात मागून कुणीतरी हाक मारली. फुलाफुलांचा झगा, पांढरा बॉब. वाकोल्याच्या गावठाणातली ख्रिस्ती म्हातारी, मघाशी एक शब्द न बोललेली.

“आजी लिही,” ती म्हणाली. “आजीला कोण विचारतंय?”

“तुम्ही का करता हे?”

“माझा पोरगा कॅनडात हाय. त्यानं नि त्याच्या माणसानं पोर दत्तक घेतलं. मी तेव्हा नको ते बोलले. आता फोन उचलत नाय. बरोबर करतो तो.”

अनोळखी बाईच्या हाती पोर द्यायची म्हणजे काय, ते मला कळत होतं. दोनदा तिला घरी बोलावलं. तिने मुलीला पत्त्यांतलं गाढव शिकवलं आणि स्वतःच हरली. तिचं काम फाटकापासून कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानापर्यंतचं, पन्नास पावलांचं. तिथे माझा जोडीदार उभा राहणार.

ऑफिसातल्या बाईंनी पांढरे केस पाहिले. “आजी का? इथे सही करा.” आडनावाचं नावही काढलं नाही.

सोमवारी ती वाकोल्याहून दोन बस बदलून आली, पोरीला फाटकातून बाहेर आणून कोपऱ्यावर त्याच्या हाती दिली. ज्याने सकाळी तिचा डबा भरला, त्याने चोरीचा माल घ्यावा तसं तिला ताब्यात घेतलं. हे त्याने मला तिथूनच फोन करून हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, राग आला, आणि टाक्यांमुळे धड रागावताही येईना.

संध्याकाळी आईचा फोन आला. ऑपरेशनचं विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, “चेडवाक शाळेतसून कोणी हाडल्यान?”

“तिच्या आजीने आणलं.”

तिच्याकडचा टीव्ही बंद झाला.

“खयची आजी?”

“जी आली ती,” मी म्हणालो. हे उत्तर मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. बोलल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. ती पलीकडे रडत होती, आणि मला बरं वाटलं नाही.