अम्माच्या खिळ्यावरचं कॅलेंडर

मंगळवारी दुपारी मी श्रीनूला शेवटचं भेटलो. दवाखान्यात खिडकीजवळची खाट होती, हाताला सलाईन, आणि ताप काही केल्या उतरत नव्हता. मी स्टुलावर बसतोय तोच त्यानं विचारलं, "आज पाणी आलं का बे?"

पाणी आलं नव्हतं. सकाळपासून गल्लीत हंडे रांगेनं मांडलेले, बायका नळाकडे बघत बसलेल्या. पण घरी त्याची अम्मा एकटी, वडील आधीच गेलेले, तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं... 'नाही' म्हटलं असतं तर हा पठ्ठ्या सलाईन उपसून घरी निघाला असता. मी म्हणालो, "आलं की. अम्माचा हौदसुद्धा भरला." तो हसला. उशाचा मोबाईल घेऊन त्यानं एक बटण दाबलं, आणि मग निवांत डोळे मिटले. गुरुवारी दुपारी तो गेला.

त्या बटणाची गोष्ट सांगितल्याशिवाय श्रीनू कळणार नाही. आम्ही शाळेपासून एका बाकावरचे. त्याच्या घरी तेलुगू, वडिलांचे चार यंत्रमाग; माझ्या घरी मराठी, वडील नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. तो संगणक शिकून पुण्यातल्या एका कंपनीत लागला आणि काही वर्षांनी तेच काम घरून करायला परत आला. मी इथंच छोटा छापखाना टाकला होता. दिवाळीच्या आधी दुकानदारांची कॅलेंडरं छापायची, हे माझं वर्षाचं मोठं काम. एकदा तो छापखान्यात आला, ताज्या गठ्ठ्यातलं एक कॅलेंडर उलगडलं आणि म्हणाला, "मिलिंद, सगळ्यांना एकच वर्ष वाटत सुटलायस की तू! माझ्या अम्माचं वर्ष आणि तुझ्या आईचं वर्ष एक हाय का?"

मी हसण्यावारी नेलं. तो मात्र कामाला लागला, ज्याचं त्यानं भरायचं असं मोबाईलवरचं कॅलेंडर करायला. वेब ॲप्लिकेशन बनवायला फ्रेमवर्क म्हणून एक तयार सांगाडा मिळतो, आणि महिन्याचं कोष्टक, म्हणजे सात रकाने, पाच-सहा ओळी, त्यात आपोआप मांडता येतं, हे त्यानं मला चहाच्या टपरीवर समजावलं. मला ओ की ठो कळलं नाही. मग तो वडिलांच्या मागाकडे वळला. "ताणा, म्हंजे उभा धागा, सगळ्यांचा सारखाच लावायचा बे. बाणा, आडवा धागा, ज्याचा त्याचा. प्रत्येक घरात काय भरायचं ते त्या माणसानं ठरवावं." तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

आणि लोकांनी काय काय भरलं! ज्याचा कारखाना शुक्रवारी बंद, त्याचा आठवडा शनिवारी सुरू झाला. कुणाला वारांची नावं तेलुगूत हवी, कुणाला कन्नडमध्ये, कोपऱ्यावरच्या शिंपीचाचांना उर्दूत. एका बाईंनी नवऱ्याच्या गोळ्या लावल्या, एका पोरीनं परीक्षेला किती दिवस उरले ते. दुकानदारांच्या कॅलेंडरांत चौदा एप्रिल एका कोपऱ्यात बारीक अक्षरात असायचा. श्रीनूनं माझ्या कॅलेंडरात ते अख्खं घर निळं करून दिलं. मी काही बोललो नव्हतो, त्याचं त्यानंच केलं. मी ते छापून घरी लावलं, आणि माझ्या आईनं तो कागद वर्ष संपल्यावरही भिंतीवरून काढला नाही.

पण सोलापुरात कॅलेंडर करायचं आणि पाण्याचा दिवस दाखवायचा नाही, याला काय अर्थ? आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं. ठरल्या दिवशी येईलच असं नाही, आणि एकदा चुकलं की पुढचे सगळे दिवस सरकतात. श्रीनूनं तारखा लिहिल्याच नाहीत, नुसता नियम लिहिला: शेवटचं पाणी ज्या दिवशी आलं तिथून चार मोजायचे. त्यासाठी एक बटण ठेवलं, 'पाणी आलं'. ते दाबायचा अधिकार आम्हा दोघांनाच. दाबलं की गल्लीतल्या प्रत्येकाच्या कॅलेंडरात पुढच्या दर चौथ्या दिवसावर छोटी घागर उमटायची. ती घागर मी काढलेली. पहिली बघून म्हणाला होता, "हे काय बे, वांगं काढलंस का?" जुनी नोंद पुसायची सोय करू या, असं मी सुचवलं तर साफ नाही म्हणाला. नवी नोंद वर, जुन्या खाली. राहू देत सगळ्या.

अम्माकडे साधा फोन. तिच्यासाठी मी छापखान्यातून महिन्याचा कागद छापून द्यायचो, दिवस सरकले की पुन्हा नवा. स्वयंपाकघरातल्या एका खिळ्यावर ती एकावर एक कागद अडकवायची. त्या मंगळवारीही दवाखान्यातून येताना सवयीनं मी नवा कागद काढला आणि तिला दिला. शनिवारवर घागर होती. पाणी खरं तर बुधवारी आलं, म्हणजे पुढचं रविवारी. पण बुधवारी श्रीनूची शुद्ध हरपली होती, आणि मला कसलंच भान नव्हतं.

शनिवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. अम्मा उठली, मोरीतले सगळे हंडे, कळशा, बादल्या तिनं नळापाशी नेऊन मांडल्या. शेजारची म्हणाली, "अम्मा, आज न्हाय, उद्या हाय पानी." अम्मानं खिळ्याकडे बोट केलं. "श्रीनूनं लिवलंय. आज येनार म्हंजे येनार."

दुपारपर्यंत ती नळापाशी बसून होती. नळ कोरडा. भरल्या घरात त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि मी दारातल्या चपला उगाच सरळ करत राहिलो.

पुढं तीन आठवडे आमची गल्ली एक दिवस आधीच हंडे मांडत राहिली. फोन आले, मग तेही थांबले. 'कॅलेंडरात आज घागर, म्हणजे उद्या पाणी', असं लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. दुरुस्ती माझ्या हातात होती, एका बटणाची. पण मोबाईलवर नोंदींचं पान उघडलं की सगळ्यात वर दिसायचं, 'पाणी आलं: मंगळवार. नोंद: श्रीनिवास.' त्याच्या हातचं शेवटचं काम, आणि तेही माझ्या थापेवर उभं. त्याच्या डोक्यावर माझं नाव टाकायला बोट धजेना. तो नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या पानावर तो अजून सगळ्यात वर होता... तेवढं तरी राहावं असं वाटायचं. फार वाटायचं.

शेवटी एके दिवशी अम्माकडे गेलो. नुकतंच पाणी येऊन गेलं होतं, अंगण ओलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. दवाखाना, थाप, बटण, तो शनिवार. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

मग विचारलं, "पानी आलं म्हन्ल्यावर त्याला बरं वाटलं का रे?"

"हसला, अम्मा. मग झोपला."

"मग तवा बोललास ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता खरं लिव."

तिथंच, तिच्या ओट्याशी उभं राहून मी बटण दाबलं. माझं नाव वर आलं. श्रीनूची ओळ एक घर खाली सरकली, पण गेली नाही. त्यानंच तशी सोय करून ठेवली होती, आणि एवढे दिवस मला ते आठवलंही नव्हतं. मी रडलो. अम्मानं मला रडू दिलं.

संध्याकाळी नवा कागद छापून नेला. खिळ्यावर गर्दी झाली होती म्हणून मी जुने काढायला लागलो, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ दे त्याचा खाली." नवा कागद तिनंच वर अडकवला.

आता ती ओळ शोधायला पान बरंच खाली सरकवावं लागतं. श्रीनू पुण्यात असतानासुद्धा पाण्याच्या दिवशी त्याचा फोन यायचा, "आलं का बे?" तो फोन येत नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. काल पाण्याचा दिवस होता. बटण दाबायच्या आधी मी नळाखाली हात धरला, मनगटापर्यंत भिजू दिला, आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "आलं बे, श्रीनू. खरंच आलं."