बगळ्याचा कोणता पाय वर होता?

आमचे ड्रॉइंगचे सर टॉकीजच्या दारात लोकांना अडवायचे. अगदी हात आडवा घालून! रविवारी सकाळचा खेळ सुटला, की काळी टोपी नीट करत ते जिन्याशी उभे राहायचे आणि ओळखीचा असो-नसो, प्रत्येकाला विचारायचे, "बोला, बगळा कसा वाटला?"

बगळा म्हणजे कार्टूनमधला. तेव्हा अमरावतीच्या त्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमाच्या आधी एक छोटंसं कार्टून दाखवत. एक लांबलचक बगळा आणि एक चिमुकला बेडूक. बगळ्यानं बेडूक गिळायला जायचं आणि शेवटी आपलीच फजिती करून घ्यायची, एवढीच गोष्ट. दर रविवारी नवी फजिती. पुढचा इंग्रजी सिनेमा कोणाच्या बापाला कळत होता? आम्ही सगळे जायचो ते बगळ्यासाठी.

आता यावर माणूस काय मत देणार? समोरचा पानठेलेवाला गफूरभाई म्हणायचा, "मास्टरसाब, मेंढक बडा बदमाश है." माझी मैत्रीण कुसुम म्हणायची, "सर, एकदा तरी खाऊ द्या न त्याले बेडूक. उपाशी मरून राहिलं बिचारं." सरांचं एवढ्यावर भागत नसे. "ते राहू दे. पडला तवा कोनता पाय वर होता? चोच कोन्या बाजूले अडकली?" एकानं डावा सांगितला नि दुसऱ्यानं उजवा, की दोघांची जुंपायची, आणि सर मध्ये उभे राहून दोघांचं कान देऊन ऐकायचे. एकदा तर दोन भले गृहस्थ बगळ्याच्या पायावरून एकमेकांच्या टोप्यांपर्यंत गेले. आम्ही पोरं कुरकुरायचो. तिकीट काढून यायचं आणि वर परीक्षा द्यायची, हा कुठला न्याय?

सोमवारी तोच बगळा फळ्यावर उतरायचा. सर खडू टेकवायचे आणि तो न उचलता, एका रेघेत, पंजापासून चोचीपर्यंत बगळा उभा करायचे. वर्ग माना उंच करून बघत राहायचा. एरवी शाळेत ड्रॉइंगच्या तासाला कोणी विचारत नाही. आमच्याकडे मात्र त्या तासाला कोणी गैरहजर राहत नसे.

मी आठवीत असताना आम्ही तिवस्याहून अमरावतीला राहायला आलो आणि नेमके सरांच्या शेजारी बिऱ्हाड मिळालं. सर एकटेच राहायचे. "सर नेत असतील तर जा," असं वडील म्हणायचे, म्हणून माझा सिनेमा व्हायचा. सर अगदी पुढच्या बाकावर बसायचे, पडद्याला नाक लागेल इतके जवळ. लोक म्हणायचे, मास्तर चिक्कू आहे, स्वस्तातलं तिकीट काढतो. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू!

एका रविवारी कार्टून सुरू झालं आणि पडदा काळाठिक्कर. वरच्या मशीनमधला दिवाच पेटला नव्हता. आवाज तेवढा चालू होता. धपकन पडल्याचा आवाज, बेडकाचं डरावणं, ढोलकं. लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली, पण पुढच्या बाकांवर शिट्ट्या कधी नसतात? माझ्या शेजारी सर हसत होते. मान वर करून, मांडीवर थाप मारून, मनापासून हसत होते. मला काही समजेना. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, दिवा लाव न! कवाचा अंधार करून ठेवला!"

सरांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"चित्र नाई हाये का वं?"

"नाई सर."

"कवापासून?"

"सुरुवातीपासूनच."

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, कोनाले सांगू नको. शाळेत समजलं त मले काढतीन. फळा गेला त मी करू काय वं?"

ते सगळे पाय, त्या चोची कशासाठी विचारल्या जात होत्या, ते तेव्हा कळलं. घरी आईलासुद्धा मी अवाक्षर बोलले नाही.

पुढं दर रविवारी मी कुजबुजत त्यांना बगळा सांगायची. "मस्त उडाला," म्हटलं की सर चिडायचे. "मस्त म्हनू नको. मस्त कसं दिसते ते सांग." आजही मुलांना काही सांगताना माझ्या जिभेवर मस्त, छान असे शब्द आले, की मी थबकते. सर खुशीत असत. दारातली परीक्षा आणखी रंगात आली, कारण आता चूक कोणाची ते सरांना ठाऊक असायचं.

पण फळ्याशी मी कशी उभी राहणार? एका सोमवारी बगळा झकास निघाला, पाय झाले, मान झाली, आणि चोच फळ्याच्या चौकटीवरून सरळ भिंतीवर गेली. वर्ग खदाखदा हसला. सरांना वाटलं, बगळा आवडला, तेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेडसर दारात उभे होते. भला माणूस. आत आले आणि सरांच्या हातातला खडू अलगद काढून घेतला.

महिनाभरात सर अकोल्याला धाकट्या भावाकडे निघून गेले.

पुढं लग्न होऊन मीही अकोल्यात आले आणि पत्ता काढत एका दुपारी त्यांना भेटायला गेले. ओसरीत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. "सर," एवढंच म्हटलं, तर चेहरा फुलला. "तिवस्याची पोरगी! ये, बस, बस." भावजयीला हाक मारून चहा सांगितला. मी आपली नेहमीसारखी बडबड लावली. संसाराचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, आणि गमतीनं म्हटलं, "सर, आता मी लय जाडी झाली. तुमी पाह्यलं असतं त ओळखलंच नसतं मले."

सर हसले.

"आधी तरी मी तुले कुठं पाह्यलं वं? तू शाळेत आली तवाच डोळ्यापुढं निसता धूर होता. तुह्यं तोंड मी कवाच पाह्यलं नाई."

मला रडू कोसळलं. तोंडावर पदर दाबून मी तशीच बसून राहिले. आणि सर माझ्याकडे मान करून, हसऱ्या चेहऱ्यानं, मी पुढं काय बोलते त्याची वाट पाहत होते.